बेहड्यावरच्या धनेशाचं बाळंतपण

अभयारण्याच्या गेटवर मी गाईड म्हणून लागले, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त हसले ते माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. ओसरीवर बसून मामाजी येईल त्याला सांगायचे, "आमची सून जंगलात नोकरीवर लागली. काम काय, त पाखरं दाखवाचे. मी जलमभर फुकट पाहून राहिलो, मले कोणी नोकरी नाई देल्ली."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमचं गाव गायखुरीच्या डोंगराच्या पायथ्याशी. आमच्या धानाच्या बांध्या संपल्या की नाला, नाल्याच्या पलीकडे अभयारण्याची हद्द, आणि तिथून जमीन जी वर चढायला लागते ती थेट आभाळाला टेकते. पाखरांना या हद्दीचं काही माहीत नाही. हरियल सकाळी आमच्या वडावर खातात आणि दुपारी डोंगरावर आराम करतात. मोर तर आमच्या परसात असे फिरतात, की कधीकधी आमचेच वाटतात.

गाईडच्या कामात पाखरं दाखवणं सोपं, पाहणारा मिळवणं कठीण. जिप्सीत बसल्याबरोबर लोक एकच विचारतात, "वाघ दिसेल ना?" एकदा एका बाईंना मी स्वर्गीय नर्तक दाखवला. पांढऱ्या रिबिनीसारखी लांब शेपटी झुलवत तो बांबूवर बसला होता, आणि मी श्वास रोखून बोट दाखवत होते. बाई म्हणाल्या, "छान आहे हो. पण हा इतका निवांत बसलाय, म्हणजे वाघ जवळपास नाही, असंच ना?"

कधी पाखरंच माझी फजिती करायची. पहिल्याच महिन्यात झाडीतून सर्पगरुडाची शीळ ऐकू आली. मी मोठ्या ऐटीत जिप्सी थांबवली, सगळ्यांना माना वर करायला लावल्या, सर्पगरुड साप कसा पकडतो ते सविस्तर सांगितलं. शीळ पुन्हा आली. आम्ही बघतो तर काय, समोरच्या फांदीवर भृंगराज बसलेला. शेपटीचे दोन झुबके हलवत तो सर्पगरुडाची नक्कल करत होता. जिप्सीतला एक गृहस्थ म्हणाला, "मॅडम, गरुड फारच बारीक झालाय." त्या दिवसापासून मी नुसत्या आवाजावर बोलणं सोडलं.

घरी मामाजींना यातलं काही सांगायला जावं, तर ते गुडघे चोळत असायचे. त्यांचे गुडघे म्हणजे आमच्या घरातली वेगळी माणसंच होती. सकाळी उठून आधी गुडघ्यांची खबर घ्यायची, मग चहा. साकोलीच्या बाजारात एक तेलवाला बसायचा. त्याच्याकडून मामाजींनी एक बाटली आणली होती, धनेशाच्या चरबीचं तेल म्हणून. मी पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला.

"मामाजी, धनेश मारणं गुन्हा आहे. असं तेल घेणं बी गुन्हा आहे. जेलात जावं लागन."

"मी कुठी मारला? मी त बाटली आणली." गुडघ्यावर तेल जिरवत ते म्हणाले, "अन् फरक पडून राहिला मले. काल मी मारुतीच्या देवळापर्यंत गेलतो."

"अन् आले कशे?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं.

"ट्रॅक्टरवर," मामाजी म्हणाले.

बाटली संपली आणि विषयही संपला असं मला वाटलं. मग चैत्रात एका संध्याकाळी जेवताना मामाजींनी सहज विचारावं तसं विचारलं, "सूनबाई, तुमच्या जंगलात धनेश आहे म्हणे?"

इतक्या दिवसांत घरातलं कोणी पहिल्यांदाच एखाद्या पाखराचं नाव घेऊन काही विचारत होतं. माझा घास हातातच राहिला. मी सांगायला बसले. नाल्याच्या काठचा जुना बेहडा आहे ना, त्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली आहे. ती अंडी घालायला आत जाते आणि दार लिंपून घेते, चिखल नि विष्ठेनं. चोच तेवढी बाहेर निघेल इतकी फट ठेवते. पिलं थोडी मोठी होईपर्यंत ती बाहेर पडत नाही. नर बिचारा दिवसभर उंबर, पिंपळाची फळं, किडे, पाली आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो.

मामाजी फार मन लावून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "बसल्या जागी खाते म्हणजे लठ्ठ होत असन मंग?"

"होते ना! तिची जुनी पिसं बी आत गळून जातात."

"अरे वा. पिसं काढाचं बी काम नाई." असं म्हणून त्यांनी भात मागितला.

मी खूश. रात्री नवऱ्याला म्हटलं, "पाहा, मामाजी किती बदलले." नवरा मोबाईलमधून मान वर न काढता "हं" म्हणाला. सासूबाई मात्र सकाळी चुलीपाशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुले काई समजते का वो? त्या तेलवाल्यानं याईले सांगतलं, माल नाई म्हणे बजारात. तुमच्याकडं पाखरू असन त सांगा, घरी येऊन ताजं तेल काढून देतो. हे झाडाचा पत्ता घेऊन राहिलेत."

अभयारण्याची गाईड मी, आणि माझ्याच घरात हे! मी तडक ओसरीवर गेले आणि कायदा, दंड, जेल सगळं सांगितलं. "अन् जेलात तुमचे घुटने चोळाले कोण येईन?" असंही विचारलं. मामाजी म्हणाले, "मी कुठी काय म्हणलं? मी त पाहाले जाईन. तूच त म्हणते ना, सगळ्यायनं पाखरं पाहावं?"

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे त्याईले. झाड भल्लं उंच आहे. याच्यानं त खाटंवर चढवत नाई."

दुसऱ्या दिवसापासून मामाजी सकाळी काठी, छत्री आणि बसायला लाकडी पाट घेऊन नाल्याकडे निघाले. माझी फेरी नसेल त्या दिवशी मी मागोमाग जायची. राखण करायलाच, असं समजा. धनेशाची राखण, मामाजींपासून.

पहिल्या दिवशी आम्ही बेहड्यापासून अंतर राखून, पळसाच्या सावलीत बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग पंख आणि लांब शेपटी सावरत, वर-खाली हेलकावे खात नर आला. राखाडी अंग, मोठी वाकडी चोच, चोचीवर शिंगासारखा उंचवटा. ढोलीशी चिकटून बसला आणि चोचीनं टकटक केली. फटीतून दुसरी चोच बाहेर आली. नरानं मान झटकून गळ्यातून एक उंबर वर काढलं आणि तिच्या चोचीत ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. खिशातून शेंगदाणे काढावेत तसं त्याचं गळ्यातून चाललंच होतं.

"बापा!" मामाजी हळूच म्हणाले. "येवढं कुठी ठेवलं होतं यानं?"

तो उडून गेला. मामाजी म्हणाले, "आता येईन का परत?"

"दिवसभर येत राहील."

"अन् नाई आला त? समजा गेला कुठी. मेला समजा."

"त मादी अन् पिलं आतच उपाशी मरतील."

मामाजी उठले. पाट उचलला, पुन्हा खाली ठेवला, आणि म्हणाले, "तू जा घरी. मी बसतो जरासा."

त्या दिवशी ते जेवायच्या वेळेला आले. नंतर नंतर तर त्यांना जेवायला बोलवायला जावं लागायचं. घरात आल्यावर धनेशाची बातमी सुरू व्हायची. आज यानं पाल आणली. आज झाडाची साल आणली, कायले आणली कोणास ठाऊक, तिनं घेतली बी. आज उशीर केला यानं, मी त्याले चांगला झापला. सासूबाईंनी हे काही दिवस ऐकून घेतलं. एकदा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "त्या पाखराची येवढी फिकर! माह्या पहिल्या बाळंतपणात हे नाटक पाहाले गेलते. सकाळी आले, पोराचं तोंड पाहाच्या आधी म्हणतात, 'नाटक चांगलं रंगलं.'"

"रंगलंच होतं," मामाजी म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी नाल्यावरून येताना त्यांनी सासूबाईंसाठी पदरभर तेंदू आणले. पदर नव्हता म्हणून टॉवेलात आणले. सासूबाईंनी ते घेतले आणि कोणाकडे न पाहता खात बसल्या.

तेलाचा विषय त्यांच्या डोक्यातून गेला की नाही, हे मला कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं, तर आठवण करून दिल्यासारखं झालं असतं.

वैशाखात ऊन असं तापलं की नाल्यातले दगडसुद्धा चटके द्यायचे. एका सकाळी मी फेरी आटोपून गेटवरून घरी येत होते. नाल्याच्या रस्त्यावर मोटार उभी दिसली. बेहड्याच्या थेट बुंध्याशी दोन माणसं, तिपाईवर मुसळासारखी लांब लेन्स लावलेली, आणि एकाच्या खिशातल्या स्पीकरमधून धनेशाचा आवाज येत होता. खरा नर दूरच्या मोहावर बसला होता. गळा फुगलेला, खाऊ घेऊन आलेला, आणि जवळ यायची हिंमत नसल्यासारखा या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारणारा.

मी पुढे होणार तोच मामाजी काठी टेकत माझ्या आधी पोचले. लेन्स आणि ढोलीच्या बरोबर मधोमध त्यांनी पाट टाकला, बसले, आणि डोक्यावर काळी छत्री उघडली.

"काका, जरा बाजूला व्हाल का? तुम्ही फ्रेममध्ये येताय."

"कायच्यात?"

"फोटोत येताय, फोटोत."

"माहा फोटो काढून राहिले का? थांबा, शर्टाची बटन लावू द्या."

"तुमचा नाही हो, पक्ष्याचा!"

"त मंग मले काहून सांगून राहिले? पक्ष्याले सांगा."

मी झाडाआडून सगळं ऐकत होते. जायला हवं होतं, पण पाय निघेना. खरं सांगायचं तर हसू आवरत नव्हतं.

मामाजींनी कान टवकारले. "अन् हा तुमच्या खिशातून कोण बोंबलून राहिला?"

"तो नराचा आवाज आहे काका. रेकॉर्डिंग. तो ऐकला की हा नर जवळ येतो."

मामाजींचा आवाज असा चढला की नाल्याकाठच्या बांधीत काम करणारे लोकही उभे राहिले. "अरे बापा! त्याची बायको बाळंतपणाले बसली आहे, अन् तिच्या दारात तुमी दुसऱ्या नवऱ्याचा आवाज काढून राहिले? त्याच्या संसाराले आग लावाले आले का? तुमच्या घरी बाळंतीण असन त असंच कोणी खिडकीले नळकांडं लावून बसन त चालन का तुमाले?"

"काका, तुम्ही उठा तर आधी."

"माहे घुटने गेलेले आहेत. एकदा बसलो की दुपारपर्यंत उठता येत नाई. तुमीच जा."

त्या दोघांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मामाजींनी त्यांना गुडघ्यांचा सगळा इतिहास ऐकवला. डाव्याची गोष्ट संपून उजव्याची सुरू झाली, तेव्हा माणसांनी तिपाई मिटवली. तोवर मीही पुढे आले होते. मी गेटवरची गाईड आहे, घरट्याशी असा आवाज वाजवायला मनाई आहे, असं सांगितलं आणि वनरक्षकांना फोन लावला. फोटोवाल्यांनी स्पीकर बंद केला, काहीतरी पुटपुटले आणि मोटारीत बसून गेले.

आम्ही दोघं लांब पळसाखाली जाऊन बसलो. मामाजी उठले तेव्हा कोणाचा आधारही घेतला नाही, हे माझ्या लक्षात आलं. कितीतरी वेळानं नर मोहावरून उतरला, ढोलीशी आला, टकटक केली. आतून चोच बाहेर आली. मामाजींनी टॉवेलानं तोंड पुसलं. घामच असेल.

"उशीर झाला त त्याचा दोष नाई," ते फटीकडे पाहून मोठ्यानं म्हणाले. "मी साक्षी आहो."

वनरक्षक दुसऱ्या दिवशी आले, झाडाभोवती लांबून दोरी बांधली, आणि गावकऱ्यांना कोणी आलं तर कळवा म्हणून सांगितलं. मामाजींना त्यांनी वनखात्याची हिरवी टोपी दिली. वनरक्षकांनी कौतुकानं दिली, मामाजींनी मात्र ती नेमणूक समजली. टोपी डोक्यावरून उतरेना. बाजारात टोपी, देवळात टोपी. सासूबाईंनी ती धुवायला मागितली, तर म्हणाले, "ड्युटीच्या वेळी नाई."

आणि अशात एका दुपारी दारात लुना थांबली. तेलवाला. मामाजींनी चैत्रात धाडलेला निरोप त्याला आता सवडीनं मिळाला होता. मी घरीच होते. तो पिशवी घेऊन ओसरीच्या पायरीपाशी आला, एक हात भिंतीला, एक हात गुडघ्यावर, आणि "आई गंऽ" म्हणत वर चढला.

मामाजी आतून आले. डोक्यावर अर्थातच टोपी. तेलवाल्यानं आधी टोपीकडे पाहिलं, मग मामाजींकडे, मग परत टोपीकडे.

"तुमी... खात्यात लागले का जी?"

मामाजींनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. टोपी नीट केली. "बसा," म्हणाले. "धनेशाचं काम होतं ना तुमचं?"

तेलवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "कायचा धनेश? माहा काय संबंध? मी त पाहाले आलतो, तब्येत कशी आहे म्हणून."

"अन् ती बाटली?"

"ते करंजीचं तेल जी!" तो हातच जोडून बसला. "देवाशप्पथ करंजीचं. वास घेऊन पाहा. धनेश मी जलमात पाहिला नाई. कसा दिसते तेबी मले मालूम नाई. लोक नुसतं करंजीचं म्हणलं त घेत नाई, म्हणून नाव लावतो."

सासूबाईंनी परसाकडे पाहिलं. आमच्या परसात करंजीची दोन मोठी झाडं आहेत. बिया दर वर्षी सासूबाई झाडून उकिरड्यावर टाकतात.

मामाजींना राग येईल असं मला वाटलं. त्यांना वाईट वाटलं होतं, पण वेगळ्याच गोष्टीचं. "पण मले फरक पडला होता," ते हळूच म्हणाले.

"पडते ना," तेलवाला म्हणाला. "चोळलं की पडते."

"मंग तुमाले काहून नाई पडला? पायरी त चढवत नाई."

"मले कोण चोळून देईन जी? मी दिवसभर लुनावर."

हे ऐकून सासूबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मामाजींनी त्याला पाणी दिलं, चहा पाजला, आणि नंतर असा काही दम भरला की धनेशाचं नाव पुन्हा बाजारात काढलं तर बघा. मी कायदा सांगायला तोंड उघडलं, पण माझी गरजच पडली नाही. मामाजी माझीच वाक्यं मला शिकवल्यासारखी म्हणत होते. फक्त दंडाचा आकडा त्यांनी मनानंच फुगवला होता. तेलवाला जाताना लुना सुरू होईना, तर मामाजींनीच धक्का दिला.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला धनेशाची मादी दार फोडून बाहेर आली. मी आणि मामाजी दोघंही तिथं होतो. तिनं आतून चोचीनं टोचून टोचून फट मोठी केली, अंग बाहेर काढलं आणि शेजारच्या फांदीवर जाऊन बसली. मळलेली, शेपटीचं टोक वाकलेलं, डोळे मिचकावणारी. मामाजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"हिच्यात कायची आली चरबी?" ते म्हणाले. "हे त नुसती चोच अन् हाडं." आणि मग, बहुधा स्वतःचंच बोलणं ऐकून, ते ओशाळले आणि टोपी काढून हातात घेतली. मी आभाळाकडे पाहत राहिले.

पिलांनी आतून दार परत लिंपून घेतलं, आणि आता दोघंही खाऊ आणू लागले. मामाजींचं काम दुप्पट झालं. पिलं कोणत्याही दिवशी उडतील असं मी सांगितलं होतं. आणि नेमकं त्याच वेळी पवनीकडं, आसगावला त्यांच्या बहिणीच्या नातीचं लग्न निघालं. जायचं की नाही यावर घरात वाद झाला. मामाजी म्हणाले, ड्युटी आहे. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या बहिणीला काय सांगू, धनेशामुळं आले नाहीत? शेवटी मामाजी गेले. जाताना त्यांनी सासूबाईंना बजावलं, "सकाळी एक चक्कर मारून येजो. काई झालं त फोन करजो."

सासूबाई इतक्या दिवसांत एकदाही बेहड्यापाशी गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी माझी फेरी होती, म्हणून त्या एकट्याच गेल्या. मी दुपारी घरी आले, तर त्या ओसरीवर बसलेल्या, चेहरा लाल, आणि मी चप्पल काढायच्या आत म्हणाल्या, "उडले!"

त्यांनी मामाजींना फोन लावला. लग्नातल्या डीजेमुळे मामाजींना काही ऐकू जाईना. "कोण उडलं?" एवढंच ते ओरडत होते. "कोणाचा जीव उडला?"

संध्याकाळी ते मिळेल त्या पहिल्या बसनं परत आले. जेवणसुद्धा तिकडे नीट झालं नव्हतं. पिशवी खाली न ठेवता म्हणाले, "खरं सांग. तू पाहिलं? आपल्या डोळ्यानं?"

"पाहिलं ना."

"तुले काय समजते? पोपट असन."

"पोपटाची चोच येवढी असते का?" सासूबाईंनी हाताची कोपरापर्यंत लांबी दाखवली. मग त्या उठल्या. पदर दोन्ही बाजूंनी पसरला, मान पुढे काढली, आणि ओसरीच्या कठड्याला ढोली समजून पिलू कसं आधी डोकं बाहेर काढतं, घाबरून आत घेतं, आई फांदीवरून कशी हाका मारते, हे सगळं करून दाखवू लागल्या. पिलू बाहेर पडून धपकन खालच्या फांदीवर आपटलं, तो प्रसंग त्यांनी दोनदा केला. मामाजी पाटावर बसून तोंड उघडं टाकून पाहत होते. मध्येच त्यांना राहवेना. "असं नाई उडत धनेश," ते म्हणाले. "पंख मारते, मंग थांबते, मंग मारते. वर-खाली जाते तो."

"तुमी तथी होते का?" सासूबाईंनी पदर खाली न घेता विचारलं.

मामाजींनी पाट पुढे ओढला.

"मंग पाहा चुपचाप. आता दुसरं पिलू निघून राहिलं."